खिडकीतला मासा

मेइछिन,

सूनबाई लिहिणार होते, पण आता तू यांगचौमधल्या दुसऱ्या घरची सून आहेस. तिथं उगाच प्रश्न विचारतील, म्हणून हे पत्र मी टपालात टाकणार नाही.

माझ्या लेकाला, तुझ्या पहिल्या नवऱ्याला, जाऊन तीन वर्षं झाली. लाल रंग वर्ज्य असलेलं ते तीन वर्षांचं सुतक फिटलं, म्हणून या नववर्षाला खिडकीवर पुन्हा लाल कागदाची कातरलेली चित्रं लावता आली. कागदाचा कोंबडा कापायला कात्री उचलली आणि तू आठवलीस. "आई, हा कात्रीनं कापलात की कुऱ्हाडीनं?" असं विचारायचीस. मीही ऐकून घेणारी नव्हते. तुझ्या माशाचे केसाएवढे बारीक खवले बघून म्हणायचे, "हे तुमच्या दक्षिणेत शोभतं. आमच्या डोंगरावरचा वारा न्याहारीच्या आत याच्या चिंध्या करील."

तुझा तो मासा पेटीत होता. ओला करून पांढऱ्या कागदावर चिकटवला, दिव्याच्या धुरावर धरला आणि अलगद उचलला. काजळीत मासा जसाच्या तसा पांढरा उमटला. त्याबरहुकूम लाल कागद कापला. माझी जाड कात्री इतकी हळू कधीच चालली नव्हती.

आज सकाळी शेजारची गाओ खिडकीतला मासा बघून अंगणातूनच म्हणाली, "सून परत आली वाटतं? हे काही तुझ्या हातचं काम नाही."

मी म्हटलं, "हळू बोल. प्रवासानं दमलीय, झोपू दे तिला."

संध्याकाळी ती तुझ्यासाठी बोरं घालून वाफवलेले पाव आणणार आहे. मी दोन वाट्या मांडून ठेवल्यात.

तुझी,
डोंगरावरची आई