बटरवर्थ मूळचे कुठले

आई,

गेल्या शुक्रवारी माझं लग्न झालं. मुलगा इंग्रज आहे, आडनाव बटरवर्थ. तो काय शिकलाय, स्वभावाने कसा आहे, हे तू नंतर विचारलं असतंस. आधी चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाली असतीस, "बटरवर्थ म्हणजे मूळचे कुठले?" त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला हे लिहितेय. उत्तर थोडं लांब आहे.

तुला तो नादच होता. सांगली-पुणे एसटीत शेजारी कोणी बसलं की कऱ्हाड यायच्या आत तू त्याचं आडनाव काढून घ्यायचीस, आणि सातारा यायच्या आत त्या आडनावाचं गाव, गावची नदी, गावचा देव आणि तिथून ती माणसं कधी, कशाला बाहेर पडली ते. मी खिडकीकडे तोंड करून बसायचे. "अगं, आडनाव हा पत्ताच असतो, फक्त जुना," तू म्हणायचीस. मला ती भोचक चौकशी वाटायची. अजूनही थोडी वाटते.

पण बटरवर्थ हे नाव मी पहिल्यांदा तुझ्याच तोंडून ऐकलं. शनिवारी माझी सकाळची शाळा सुटली की मी तुझ्या तंत्रनिकेतनात यायचे. लॅबमध्ये सोल्डरचा वास, पंख्याची घरघर, मी मागच्या उंच स्टुलावर डबा खातेय आणि तू फळ्यावर आलेख काढतेयस. "हा बटरवर्थ फिल्टर. सिग्नलमधलं हवं ते आत सोडतो, नको ते दाराबाहेर ठेवतो, आणि आत घेतलेल्याला उगाच त्रास देत नाही. कुठे चढ नाही, उतार नाही. अगदी गुणी जावई." मुलं हसतात. मागच्या बाकावरून एक जण विचारतो, "मॅडम, पण बटरवर्थ म्हणजे काय?" "आडनाव आहे. कुठलं ते मला माहीत नाही," तू म्हणतेस, आणि ते माहीत नसणं तुला सलतंय हे मला मागून दिसतं. मी स्टुलावरूनच म्हटलं, "त्याने काय फरक पडतो? फॉर्म्युला तोच राहतो ना." तू खडू खाली ठेवलास. "फॉर्म्युला तोच राहतो. पण ज्याचं नाव रोज घ्यायचं तो कुठला, हे विचारावंसंही वाटत नसेल, तर त्याला हुशारी म्हणत नाहीत." सगळ्या वर्गासमोर. मी डबा बंद केला.

मी बारावीत असताना तू गेलीस. त्यानंतरचं थोडक्यात सांगते. मी तुझाच विषय घेतला, पुढे पीएचडीला इथे जपानमध्ये, सेंदाईला आले आणि राहिले. भूकंपमापकांच्या नोंदी तपासते. जमिनीची हालचाल कुठली आणि रस्त्यावरच्या ट्रकची थरथर कुठली, हे वेगळं करायला मी रोज तोच फिल्टर वापरते. एकदा विभागात नव्या लोकांची ओळख करून देत होते. आमच्या सचिवबाईंनी एका उंच, वाकून उभ्या असलेल्या माणसाकडे हात केला आणि म्हणाल्या, "बातावासु-सान." इथे इंग्रजी नावांचे उच्चार असेच होतात, पण हे बटरवर्थ, हे मला कळलं. मी विचारलं, "म्हणजे फिल्टरवाले?" तो म्हणाला, "नाही. आमच्या घराण्यात आजवर कोणी काही गाळलेलं नाही. चहासुद्धा पिशवीचा पितो." मी सहसा असल्या बोलण्यावर हसत नाही. हसले. मग माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही मूळचे कुठले?" तो म्हणाला, लीड्स. मी म्हटलं, तुम्ही नाही, आडनाव. त्याने खांदे उडवले. "ते माझ्या आईला विचारा. पण वेळ काढून विचारा."

विचारायला तीन वर्षं लागली. लग्न ठरल्यावर त्याची आई इथे आली. या मुक्कामाची मला धास्ती होती, आणि कारण एकच होतं. मी आडनाव बदलणार नव्हते. माझे पेपर या नावाने आहेत, पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड या नावाने आहे. पण खरं कारण ते नाही. लहानपणी मी तुझ्या कपाटात तुझं डिप्लोमाचं सर्टिफिकेट पाहिलं होतं, त्यावर एक नाव, आणि पगाराच्या पाकिटावर दुसरंच. पहिलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. मला वाटलं, कोणातरी दुसऱ्या बाईचं सर्टिफिकेट चुकून आपल्याकडे आलंय. तेव्हा मनाशी ठरवलं होतं की माझी कागदपत्रं एकाच बाईची असतील. त्याला हे मान्य होतं. त्याच्या आईला कसं सांगायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं, कारण त्या बाईंनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं बटरवर्थ या नावामागे घालवली होती.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या आमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या आणि सुरू झाल्या. लँकेशरमध्ये रॉचडेलजवळ या नावाची वस्ती होती. वर्थ म्हणजे जुन्या भाषेत कुंपण घातलेली जागा. त्या डोंगरउतारावर गुरं चांगली पोसायची, लोणी चांगलं व्हायचं, म्हणून लोण्याचं आवार. तिथून खाली उतरलेली माणसं या नावाने ओळखली जाऊ लागली. आधी घरोघरी लोकर विणायची, मग कापसाच्या गिरण्या आल्या तशी गिरण्यांत शिरली. काही अमेरिकेला गेली, काही ऑस्ट्रेलियाला, आणि यांची शाखा नुसती डोंगर ओलांडून लीड्सला. त्या गिरण्यांत कधी वऱ्हाडचा कापूसही गेला असेल. आपल्या बाजूच्या कोणी तो वेचला असेल का, याचा माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी ते बोलले नाही.

हे चालू असताना मावशीचा व्हिडिओ कॉल आला. लग्नाचं सगळं बाबांनी तिच्यावर सोपवलं होतं. "मुलगा भला आहे ना? मग झालं," एवढंच ते म्हणाले होते. मावशीला मी लोण्याचं सांगितलं.

"म्हणजे लोणकरच की!" मावशी म्हणाली. "मग एवढे आढेवेढे कशाला घेतेस? घे की आडनाव. आपल्यातलंच निघालं."

"मावशी, त्या समोर बसल्यात."

"त्यांना कुठे मराठी येतंय? बरं, त्यांना विचार, माहेरच्या कोण त्या?"

आई, हा प्रश्न तुझा. एसटीतल्या बायकांना तू हाच विचारायचीस. मी अडखळले, कारण माहेरला इंग्रजीत शब्द नाही. मी म्हटलं, तुम्ही ज्या घरातून निघालात, त्या घराचं नाव काय, असं मावशी विचारतेय. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, झालं, कुणाला काय विचारावं याची आमच्या घरात पोच नाही असं त्यांना वाटलं असणार. मग त्या म्हणाल्या, "थ्वेट." आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "थ्वेट. लग्न झाल्यापासून हे मला कोणी विचारलेलं नाही."

मग त्या थांबेनात. थ्वेट म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जमीन. हा शब्द नॉर्वेकडच्या लोकांनी बोटींतून आणला. वडिलांचे मटारचे वाफे होते आणि ते शेंगा मोजून ठेवायचे, म्हणजे मुलांनी खाल्लेल्या कळतील. मावशी मध्येच, "आमचे वडील पेरू मोजायचे!" मी एकीकडून दुसरीकडे भाषांतर करत होते आणि दोघी माझी वाट न बघता हसत होत्या. तेवढ्यात मी ते सांगून टाकलं. मी माझं नाव ठेवणार आहे. तो ओट्याशी उभा होता. त्याने उगाच किटली भरायला घेतली.

त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी नवऱ्याचे पणजोबा शोधले. माझे कुठे आहेत, मला ठाऊक नाही. ठेव तुझं. पुढे कोणी शोधायला निघालं तर सापडशील."

मी हे मावशीला मराठीत सांगितलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "ते ठीक आहे गं. पण मग तांदळात लिहायचं काय?"

तबकात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नव्या बायकोचं नवं नाव लिहायचं, यावर ती अडून बसली. शेवटी रविवारी घरी ते केलं. इथला तांदूळ आखूड आणि गोल, रेघ ओढली की दाणे घरंगळून पुन्हा आत येतात. त्याने आठवडाभर गिरवून गिरवून माझं होतं तेच नाव देवनागरीत लिहिलं, आडनावासकट. फोनमधून मावशी ओरडत होती, "वेलांटी! वेलांटी राहिली!" त्याच्या आई वाकून बघत होत्या आणि विचारत होत्या, यात बदललं काय? काहीच नाही, मी म्हटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तर आई, बटरवर्थ मूळचे रॉचडेलचे. हे मी कुठे पाठवणार नाही, मावशीलाही दाखवणार नाही. यात आणखी एक गोष्ट आहे, ती त्यालाही सांगितलेली नाही. काल दुपारी मी एकटीच सोबा नूडल्स खायला गेले. गर्दी होती. इथे अशा वेळी दारातल्या कागदावर नाव लिहून बाहेर बसायचं असतं. आपलं आडनाव लांब आहे, पुकारणाऱ्याची नेहमी फजिती होते. मी बातावासु लिहिलं. थोड्या वेळाने मुलगी दारात येऊन म्हणाली, "बातावासु-सामा." मला पहिल्या हाकेलाच ऐकू आलं होतं. ती आणखी एकदा म्हणेपर्यंत मी बसून राहिले.