बोटाला सुई न लावता लिहिलेला हिवताप

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा आरोग्य कार्यालय

विषय : आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांची बदली मंजूर न करणेबाबत.
संदर्भ : त्यांनी स्वतः बदलीसाठी केलेला अर्ज.

महोदय,

१) मी शिवणकाम करते. माझी थोरली बहीण, आक्का, गवत कापायला जायची. तिला थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनी खुर्चीतूनच पाहिले, "हिवतापच आहे, सध्या घरोघरी तोच" म्हणाले आणि गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी पुन्हा त्याच गोळ्या. सातव्या दिवशी मी रक्त तपासा म्हटले, तर "डॉक्टर तू की मी?" असे उत्तर मिळाले.

२) नवव्या दिवशी तिचे अंग पुसताना काखेत काळी खपली दिसली, विडीचा चटका बसल्यासारखी. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी ती पाहताच सांगितले की हा गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याचा ताप, याचे औषध वेगळे. "पाच दिवस आधी आणली असती तर चालत घरी गेली असती." आक्का दुसऱ्या दिवशी गेली.

३) केंद्राच्या नोंदवहीची नक्कल मी मिळवली. आक्कापुढे तीनदा लिहिले आहे : 'रक्त तपासले, हिवताप आढळला.' मग मी शिवणाचे मशीन बंद ठेवून घरोघर फिरले. एकोणचाळीस जणांनी लिहून दिले की त्यांच्या बोटाला सुई लागलीच नाही. त्यांतल्या सहा जणांना पुढे विषमज्वर निघाला. वहीत मात्र सगळ्यांना हिवताप.

४) गेल्या महिन्यात डॉक्टरांनाच ताप आला. कंपाउंडर सांगतो, त्यांनी त्याच दिवशी शहरात जाऊन दोनदा रक्त तपासून घेतले आणि निकाल हाती येईपर्यंत एकही गोळी गिळली नाही. म्हणजे त्यांना सगळे ठाऊक होते. हे ऐकल्यापासून माझे रडणे थांबले आहे.

५) शेजारीण म्हणते, "जाऊ दे बाई, वरचा बघून घेईल." वरचा सवडीने बघेल. आधी आपण बघावे.

६) तरी डॉक्टरांची चौकशी व्हावी आणि ती संपेपर्यंत त्यांना येथून हलवू नये. चौकशी केंद्राच्या ओट्यावर, गावासमोर व्हावी. एकोणचाळीस नावे त्यांनी स्वतः मोठ्याने वाचावीत. मी समोरच बसेन. ते माफी मागतील, ती मला नको. त्यांची नोकरी जावी, एवढेच हवे.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास दुसरा अर्ज आपल्या वरिष्ठांकडे जाईल. तो लिहून तयार आहे. त्यात डॉक्टरांच्या जागी आपले पदनाम आहे.

आपली नम्र, पण न थकणारी,
(सही)
शिवणकाम करणारी, मयत आक्काची धाकटी बहीण
दि. १४

सोबत : नोंदवहीची नक्कल, एकोणचाळीस जबाब, मोठ्या रुग्णालयाचा मृत्यूचा दाखला.