आज लस पाजू नको

दादा, तुझा मोबाईल घरातच राहिलाय म्हणून लिहिते. आज लस पाजू नको. पिल्लं घरघरायला लागल्यापासनं आई तिच्या दम्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या त्यांच्या पाण्यात विरघळवत होती. कोंबड्यांचे डॉक्टर म्हणाले, ते औषध पोटात असलं की लस नीट लागू पडत न्हाय. मागची लसबी त्यानंच वाया गेली असंल. तू उगंच लसीच्या दुकानदाराशी भांडलास. भांड्यातलं पाणी ओतून टाक.

आईला बोलू नको. "आता एक जरी पिल्लू मेलं तर बघ," असं तूच तिच्यावर ओरडला होतास की. तवापासनं स्वतः गोळी न खाता ती पिल्लांनाच देत होती. आज तिला उठताच येईना. मंगळवार पेठेतल्या दवाखान्यात नेतोय. डोळं उघडलं की पिल्लांचंच विचारती. तूच येऊन सांग.

नंदिनी