मोठ्या टायरांची जीप

अहो,

जीप मी नेली, चाबी शोधू नका. वरण-भात कुकरात आहे.

कटंगीच्या एका फेरीत इतकं डिझेल काहून जळते म्हणून विचारलं, का तुमचं एकच उत्तर: "मोठे टायर टाकले ना, गाडी पेते, मीटरबी जास्त फिरते." मीबी मानलं. पण काल गॅरेजचा मिस्त्री म्हणे, "हौ भाभी, डिझेल जास्त पेते. पण मोठ्या टायरानं मीटर कमी फिरते, जास्त नाही."

तुम्ही भोपाळले गेलते तेव्हा मी स्वतः हीच जीप घेऊन कटंगीले जाऊन आली. मीटर ब्याऐंशी किलोमीटर फिरलं. तुमचं दर शुक्रवारी एकशे तीस फिरते, निघतानी न् आल्यावर मी पाहून ठेवते. वरचे अठ्ठेचाळीस टायरानं नाही खाल्ले.

तुमच्या कॉलेजवाल्या ज्योत्स्नाचं घर खैरलांजीले आहे. आज कटंगीवरून तिच्या दारापर्यंत जाऊन मोजते, एका बाजूचे चोवीस भरते का. तिले फोन करू नका.

आकडा नाही जुळला, तर येऊन तुमच्या पाया पडीन. जुळला, तर जीप तिच्याच आंगणात उभी करून मी बसनं येईन. तुम्हीबी मग तिथंच राहा. येण्या-जाण्याचं डिझेल वाचेल.

मयुरी