दोन फ्लॉप्यांत वाटलेला आवाज

मी, श्रीमती वच्छलाबाई उखर्डू बोरसे, वय एकसष्ट, धंदा टायपिंग शिकवणे, राहणार पिंप्राळा, जळगाव, माझ्यामागे कोणाला काय द्यावे हे आज शुद्धीत राहून लिहून ठेवत आहे. मला कोणी दटावलेले नाही, भुलवलेले नाही. दटावायची सवय मलाच आहे, हे माझ्या हाताखालून गेलेल्या कोणत्याही मुलीला विचारावे. वकीलसाहेबांनी मसुद्यात "मरण केव्हा येईल याचा नेम नाही" असे घातले होते, ते मी काढायला लावले. नेम आहे. धुळ्याच्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिले आणि तसेच परत शिवले. येत्या एक जानेवारीला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी आवई उठली आहे. पडोत बापडे. मी बहुतेक त्याआधीच आटोपते.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे मी स्वतः टाइप केले आहे.

कलम १. माझी माणसे. माझे यजमान उखर्डू वारले त्याला काही वर्षे झाली. त्यांच्या आधीची भावंडे जगली नव्हती म्हणून सासूबाईंनी त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचलून आणले आणि तेच नाव ठेवले. ते पिकले पान होऊन गेले. आमच्या एकुलत्या मुलाला मात्र मी हौसेने रुपचंद असे देखणे नाव ठेवले, आणि तो ऐन पंचविशीत गेला. चौऱ्याण्णव सालचा फाल्गुन. केळीवाल्या संस्थेचा कॉम्प्युटर बिघडला म्हणून स्कूटरवर रावेरला निघाला होता. समोरून केळीचा ट्रक आला. त्याच्या बायकोला, लताला, तेव्हा पाचवा महिना होता.

कलम २. पिंप्राळ्याचे दोन खोल्यांचे घर मी माझ्या टायपिंगच्या कमाईतून घेतले. त्यात बोरशांच्या भाऊबंदकीचा कवडीचा हिस्सा नाही. ते घर मी लताला देते. ती आता माझी सून नाही, हे मला कळते. लेक समजून देते.

याचा खुलासा करणे भाग आहे. मुलगी झाली, वर्षाची झाली, आणि लताचे वय होते अवघे बावीस. माझे दीर पितांबर नाना म्हणाले की तिने इथेच राहावे, घराण्याची अब्रू आहे. मी म्हटले, अब्रू मी सांभाळते, तुम्ही आपली शेती सांभाळा. तिच्यासाठी स्थळ मीच पाहिले. नरडाण्याच्या कारखान्यात फिटर असलेले, धुळ्याला देवपुरात राहणारे हिलाल देवरे. त्यांचीही पहिली बायको वारलेली होती. बैठकीत त्यांनी एकच अट घातली. मुलीला माझे नाव लागेल, मीच तिचा बाप, आणि पिंप्राळ्याहून कोणी येऊ-जाऊ नये, पोरीचे मन दोन ठिकाणी फाटू नये. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हो म्हटले. नाही म्हणायला तोंड कुठे होते? लताची पाठवणी मी केली आणि पोर तिच्या कडेवर मीच दिली.

तेव्हापासून मी नातीला पाहिलेले नाही. धुळ्याला दवाखान्यात गेले तेव्हासुद्धा देवपुराच्या पुलाकडे वळले नाही. हिलालराव वाईट माणूस असता तर मला कडाकडा भांडता आले असते. पण त्याने लताला आणि पोरीला फुलासारखे ठेवले आहे, असे मी चार ठिकाणी विचारून खात्री केली आहे. मुलीचे नाव मी इथे लिहीत नाही. कागद दहा हातांतून जातो.

कलम ३. तिन्ही मराठी टायपरायटर, बाकडी आणि पाटी शेवंताबाई हिरामण महाजन हिला देते. ती माझी जुनी विद्यार्थिनी आणि आता माझ्या क्लासची सगळी भिस्त. पुढच्या खोलीत तिने क्लास चालवावा. लता तिला उठवणार नाही याची मला खात्री आहे. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे पार पाडण्याचे कामही तिचेच. शेवंता, तू रडतेस फार. आधी काम कर, मग रड.

कलम ४. रुपचंदाचा कॉम्प्युटर. तो डॉसवर चालतो. आता शहरात नवीन आलेत, ते उंदीर फिरवला की उघडतात. याला आज्ञा टाइप करावी लागते, म्हणून तर माझे आणि त्याचे जमले. क्लासची पोरे गेली की रुपचंद मला बसवून शिकवायचा. मशीन कुरकुर करू लागले की दुकानदाराकडे पळायचे नाही. "माय, याना डॉक्टर यानाच पोटमा शेतस," असे म्हणायचा. त्या डॉक्टरांतला चेकडिस्क हा हिशेब तपासतो. स्कॅनडिस्क डिस्कची जागा न् जागा चाचपून पाहतो. आणि डिफ्रॅग म्हणजे आवराआवर. एकाच फाइलचे तुकडे इकडेतिकडे पडलेले असतात, ते तो उचलून एका जागी लावतो. पडद्यावर छोटे चौकोन सरकताना दिसतात. मला ते बघत बसायला आवडायचे.

जायच्या आधीच्या दिवाळीत त्याने आवाजाचे कार्ड आणून बसवले. चालते का पाहायला त्याने आणि लताने माइकसमोर काहीबाही बोलून ठेवले. तीनेक मिनिटे असतील. मी तेव्हा क्लासवर होते. तो गेल्यावर ही फाइल मला सापडली. त्याचा आवाज म्हणून तेवढाच उरला आहे. फोटो पुष्कळ आहेत, पण फोटो हाक मारत नाही.

कलम ५. यजमानांचे घड्याळ, समई आणि ज्याचे बटन नानांनी बंद केले तो एक्स्टेंशन बोर्ड, असे तीन जिन्नस माझे दीर पितांबर नाना यांना देते.

नाना विचारतील, बोर्ड कशाला? सांगते. तीन वर्षांपूर्वीचा दसरा. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारे घासूनपुसून पूजेला मांडतात. नांगर काय, शिवणयंत्र काय, सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी. मी टायपरायटर पुसले. मग मनात आले, कॉम्प्युटर नुसता वरून पुसून काय उपयोग, आतूनही आवरू या. म्हणून पहाटेच डिफ्रॅग लावला. त्याला फार वेळ लागतो. नाना नारळ घेऊन आले आणि मशीन चालू दिसल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वहिनी, हत्यारनी पूजा शे अन् हाई चालूच शे?"

मी स्वयंपाकघरातून म्हटले, "नाना, हात लावू नका, ते मध्येच थांबवता येत नाही."

"आजना दिन तरी तेले इसावा द्या," म्हणाले, आणि बोर्डाचे बटन दाबले. वर झेंडूचे फूल ठेवले, हळदीकुंकू वाहिले, हात जोडले. त्यांच्या मनात पाप नव्हते, हे मी देवासमोर सांगेन. पण तुकडे उचलून नेत असताना वीज गेली, आणि रुपचंदाचा आवाज हवेतल्या हवेत राहिला. मशीन परत लावले तर ती फाइल उघडेना. मी नानांना काय काय बोलले ते त्यांच्याही लक्षात असेल. त्यातले मी काहीही परत घेत नाही. पण बोर्ड वापरा, चांगला आहे.

मग मी स्कॅनडिस्क लावला. त्याला कुठल्याच फाइलीच्या नावावर नसलेले तुकडे सापडले. अशा वेळी तो विचारतो, जपून ठेवू की पुसू? घाईत माणूस पुसून टाकतो, जागा मोकळी होते. मी जपून ठेवायला सांगितले. त्याने त्या तुकड्यांना नुसते आकडे दिले. कोणता आधीचा, कोणता नंतरचा, काही कळेना. मी एकेक तुकडा एकाला एक जोडून ऐकत गेले. डॉसची साधी कॉपीची आज्ञा ते करते. कित्येक दिवस नुसती खरखर. एका दुपारी खरखरीतून रुपचंदाचा आवाज आला, "लता, आठे ये ना." तिला इकडे बोलावत होता. मी पदराने तोंड दाबून धरले, बाहेर मुली टाइप करीत होत्या.

आता आवाज बहुतेक सगळा जुळला आहे. एके ठिकाणी खंड पडतो. रुपचंद म्हणतो, "आंडेर व्हयनी ते तिनं नाव आपण..." आणि पुढे खर्रकन तुटते, मग लता हसते. लेक झाली तर तिचे काय नाव ठेवायचे, हे तो सांगत होता. ते नाव गेले. लताला ठाऊक असणार. मी तिला कधी विचारले नाही, आणि तिने पोरीचे नाव हिलालरावांच्या घरच्यांना ठेवू दिले.

कलम ६. कॉम्प्युटर शेवंताच्या ताब्यात राहील. शेवंता, दर महिन्याला स्कॅनडिस्क लाव आणि डिस्कची पूर्ण जागा तपासू दे, अर्ध्यात उठू नकोस. नकाशावर जिथे इंग्रजी बी अक्षर उमटेल ती जागा सडली असे समज. मशीन ती जागा सोडून पुढे लिहिते, घाबरायचे नाही. पण हे बी वाढत चालले आहेत. गेल्या महिन्यात त्यातले काही नेमके आवाजाच्या फाइलीवर उमटले आणि मशीनमधला आवाज गेला तो गेला. कोणी शहाणा येऊन म्हणेल की बाई, फॉरमॅट मारा, नव्यासारखा होईल. त्याला चहा पाज आणि घरी पाठव. कलम ७ पार पडेपर्यंत फॉरमॅट हा शब्द या घरात उच्चारायचा नाही.

कलम ७. हेच माझे खरे मृत्युपत्र. बाकीचे वकिलांच्या समाधानासाठी.

आवाज एका फ्लॉपीत मावत नव्हता. डॉसमध्ये बॅकअप म्हणून प्रोग्राम आहे, तो मोठी फाइल दोन फ्लॉप्यांवर वाटून ठेवतो. मी तशा दोन करून ठेवल्या होत्या, म्हणून आवाज वाचला. आता तो फक्त तिथेच आहे. परत उतरवायचा तर हेच मशीन आणि दोन्ही फ्लॉप्या लागतात. पहिली घातली की मशीन दुसरी मागते, आणि दुसरी नसेल तर पहिलीचा काही उपयोग नाही.

पहिली फ्लॉपी मी लताला देते. दुसरी हिलालराव देवरे यांना देते.

मला एकटीला परत उतरवून ऐकता आला असता. मी ते केले नाही. फ्लॉपी घासली जाते, आणि माझे ऐकून झाले आहे.

हिलालराव, तुम्हाला दिलेला शब्द मी पाळला. मी मेल्यावर तो माझ्यावर उरत नाही, असे म्हणून मी पोरीच्या हातात आवाज ठेवून मोकळी होऊ शकले असते. तसे केले तर तुमच्या घरात सुरुंग लावल्यासारखे होईल. आणि तुम्ही तिचे बापच आहात. तापात तिच्या उशाशी तुम्ही बसलात, रुपचंद नाही. म्हणून मी काहीच ठरवत नाही. तिला सांगायचे की नाही, केव्हा सांगायचे, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवावे. एकट्या लताला ते जमणार नाही, एकट्या तुम्हाला थांबवता येईल. फ्लॉपी ट्रंकेत टाकून ठेवली तरी पुरे आहे, मी भूत होऊन येणार नाही. एवढेच सांगते की फ्लॉपीला बुरशी धरते. ती मोठी झाली की बघू, असे म्हणाल तर बघायला काही राहणार नाही. मला त्या पोरीने एकदा तरी तो आवाज ऐकावा असे फार वाटते. तुमच्याकडे मी आयुष्यात एवढेच मागितले आहे, आणि तेही मेल्यावर.

कलम ८. पोस्टात जे असेल त्यातून माझे दिवस करावेत. जेवण साधे. श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटांसाठी घरातल्या माणसागणिक मूठभर गहू मोजतात, त्यात नाना लताची आणि पोरीची मूठ धरू देत नाहीत. मी इतकी वर्षे माझ्या मुठीत त्यांची चोरून मिसळत आले. आता नाना, तुमचे तुम्ही बघा.

वरील मजकूर मी वाचला, वकीलसाहेबांनी मोठ्याने वाचून दाखवला, आणि हिलालराव देवरे यांनीही समोर बसून ऐकला. ज्याच्याबद्दल लिहिले त्याच्या पाठीमागे सही करणे मला पटत नव्हते, म्हणून त्यांना निरोप पाठवून धुळ्याहून बोलावले होते. त्यांना यात वस्तू मिळत असल्याने साक्षीदार म्हणून सही करता येत नाही, असे वकील म्हणाले. त्यांनी खाली वेगळी सही केली आहे.

सही: वच्छलाबाई उखर्डू बोरसे

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: २१ नोव्हेंबर १९९९

साक्षीदार
१. तानुबाई दगा सोनवणे, शेजारीण, पिंप्राळा (सही)
२. भिका नथ्थू चौधरी, किराणा दुकानदार, पिंप्राळा (सही)

मजकूर ऐकला व समजला.

माझी फ्लॉपी मी आजच घेऊन जात आहे. येत्या रविवारी लताला आणि मुलीला घेऊन येतो, तोवर आपण तब्येत सांभाळावी. मुलीला वाटेत मीच सांगेन. आवाज लागेल तेव्हा ती आजीजवळ बसेल. मी बाहेर ओट्यावर थांबेन, मला आत बोलावू नये.

सही: हिलाल सुका देवरे, देवपूर, धुळे