जाड तार

दि. १४ जून

प्रिय मास्तर,

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळे ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण पंप बिघडला की लोक अजून हाक मारतात, तेव्हा भंगारात निघालो नाही एवढं नक्की. वहिनींचा खोकला कसा आहे? तू नातीचे फ्रॉक वेळेवर शिवून देतोस हे ऐकून आमच्या हिला नवल वाटलं. तिचा ब्लाउज कधी तीन खेपांशिवाय मिळाला नव्हता.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, ‘माझ्या हातून मोटर जळली आणि गाव फुटलं.’ ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

गावात धर्म दोन, पण तेव्हा विहीर एक, टाकी एक. आमची प्रार्थना असली की मोटर तुम्ही चालवायची, तुमची असली की आम्ही. त्या दिवशी आम्ही प्रार्थनेला बसलो होतो, म्हणून तू शिलाईचं दुकान उघडं टाकून बटण दाबायला गेलास. टाकी अर्धी भरली आणि धूर निघाला.

गावाच्या बैठकीत आमच्यातले काही जण म्हणाले, हे यांनी मुद्दाम केलं. तू उभा राहिलास.

“मुद्दाम नाही. माझंच काहीतरी चुकलं असेल.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेकॅनिक मीच. मी म्हणालो, “जळलेल्या मोटरवरून काय सांगणार?”

सांगता येत होतं, मास्तर. फ्यूज सारखा उडायचा आणि दर वेळी मला विहिरीपर्यंत हेलपाटा पडायचा. कंटाळून मी आदल्याच दिवशी त्यात जाड तार घातली होती. भार वाढल्यावर फ्यूज उडायला हवा होता, त्याऐवजी मोटर जळली. बैठकीआधी ती तार काढून मी खिशात घातली.

वाटलं, चार दिवसांत निवळेल. दोन महिन्यांत दुसरी टाकी उभी राहिली. वर्षाच्या आत तू दुकान बंद करून मुलाकडे गेलास. प्रार्थनेच्या दिवशी आता ज्याची त्याची टाकी कोरडी असते.

काल बैठकीत सगळं सांगून टाकलं. बारा वर्षांनी. कोणी रागावलंसुद्धा नाही. आता टाक्या दोन आहेत, कशाला उकरून काढतोस, म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माफी मागायला मला तोंड नाही. एवढंच कर, हे पत्र वहिनींना आणि मुलाला मोठ्याने वाचून दाखव. तुझ्या हातून काहीही जळलं नाही.

मोटर जाळणारा,
तुझा मेकॅनिक