काही बोलू नकोस, नुसता बघ

धाकट्या,

लेकीच्या लग्नाला मी येऊ नये, हे तू बायकोच्या तोंडून कळवलंस. "भाऊजी, मुलाकडचे तुमच्या चेहऱ्याला बिचकतील," म्हणाली ती. वा रे वा! सिनेमात आयुष्यभर खून पाडले, पण घरी मुंगी मारली नाही मी.

आणि मागच्या महिन्यात "दादा, सहज चल," म्हणून मला तुझ्या भाडेकरूकडे कोणी नेलं? त्याच्यासमोर खुर्चीत बसवलंस आणि कानात म्हणालास, "काही बोलू नकोस, नुसता बघ." म्हातारा हात जोडून जागा सोडतो म्हणाला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू गालातल्या गालात हसत होतास. तेव्हा बरा चालला हा चेहरा! गरज सरो, वैद्य मरो.

हे पत्र टाकणार नाही. माझ्या हातचं म्हटल्यावर तू त्याला धमकीच म्हणशील.

काल शूटिंगला मी तुझं ते हसू वापरलं. दिग्दर्शक उठून जवळ आला. म्हणाला, "इतका नीच माणूस तुम्ही आजवर केला नव्हता."

तुझा, पडद्यापुरता वाईट,
दादा